दहाव्या दिवसाचा हिशेब

मागच्या दोन व्याख्यानांत आपण कोल्हापूर संस्थानातल्या शाळांविषयी बोललो. आज शाळेकडून दवाखान्याकडे वळू. टाउन हॉलसमोरचा सीपीआर आपणा सगळ्यांच्या पायाखालचा आहे. कुणी तिथं जन्मलेलं असेल, कुणी रात्रभर बाकड्यावर बसून काढलेली असेल. त्याच दवाखान्याचं जुनं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. त्याच्या इतिहासात अशी एक नेमणूक आहे, की जिची व्यक्ती कधी कामावर रुजूच झाली नाही. आजच्या बोलण्याची सुरुवात तिथून करू.

१८८६ साली कोल्हापूर संस्थानानं या दवाखान्याच्या स्त्रीविभागाची जबाबदारी आनंदीबाई जोशी यांच्याकडे द्यायचं ठरवलं. आनंदीबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. वर्षाअखेरीस त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयानं पोखरलेल्या अवस्थेत, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. बावीस वर्षं पुरी व्हायला महिना राहिला होता. कोल्हापूरचा वॉर्ड त्यांनी पाहिला नाही.

एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ आपल्यापैकी कित्येकांनी वाचली आहे, २०१९चा सिनेमाही पाहिला असेल. पण पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय कोणता, असं विचारलं की सभागृह गप्प होतं. विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे बाळंतपण. एका हाताला आयुर्वेदाचे ग्रंथ, दुसऱ्या हाताला अमेरिकन वैद्यकाची पाठ्यपुस्तकं, असा तो प्रबंध आहे.

विषय का निवडला असेल? आम्ही मनात शिरून सांगणार नाही, इतिहास लिहिताना तो मोह टाळावा. पण एक घटना समोर ठेवू. नवव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीला चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांनी गेला. कशानं गेला? ताप, श्वास, धनुर्वात, की अंगातली ऊब गेली म्हणून? याचं उत्तर ना सुश्रुताच्या संहितेत सापडणार होतं, ना फिलाडेल्फियाच्या पुस्तकात. ते त्या कल्याणच्या खोलीत होतं, आणि तिथं नोंद करणारं कुणी नव्हतं.

इथं थोडं आमच्या विषयाकडे येतो. बरीच वर्षं आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं. विज्ञानाची पद्धत शिकवताना कार्ल हेम्पेलचं १९६६चं छोटं पुस्तक वापरायचो. त्यात पहिलंच मोठं उदाहरण आहे ते बाळंतिणींचं. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात बाळंतज्वरानं शंभरात ११.४ बाया मेल्या, दुसऱ्यात २.७. डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइसनं एकेक कारण तपासून बाजूला सारलं. गर्दी म्हणावी तर दुसऱ्या विभागातच जास्त. अखेरच्या विधीसाठी येणाऱ्या पाद्रीच्या घंटेनं बाया घाबरतात म्हणावं, तर घंटा बंद करूनही फरक पडेना. शेवटी शवविच्छेदन करताना सुरीची जखम होऊन त्याचा एक सहकारी दगावला, त्याची लक्षणं बाळंतज्वरासारखीच होती, आणि मग उलगडा झाला. शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला जाणारे विद्यार्थी आपल्या हातांवरून ते विष नेत होते. १८४७ मध्ये क्लोरिनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं झालं, आणि १८४८ साली पहिल्या विभागातले मृत्यू शंभरात १.२७ वर आले.

हे उदाहरण आम्ही फळ्यावर आकडे मांडून मोठ्या रंगात शिकवायचो. गृहीतक, त्याचं फलित, कसोटी, खंडन. मुलांनाही आवडायचं. निवृत्तीनंतर कधीतरी लक्षात आलं, की आम्ही त्यात एक गोष्ट कधी विचारलीच नाही. बायांना हे आधीच कळलेलं होतं. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करत. वाटेतच बाळंत होऊन आलेल्या बाया कमी दगावत. म्हणजे ज्ञान तिथं होतं, फक्त ते ज्ञान म्हणून कुणी मोजत नव्हतं. तर्कशास्त्राच्या वर्गात सुइणी होत्या त्या फक्त तुलनेच्या रकान्यात.

आता लगेच कुणी म्हणेल, सर, म्हणजे सुईणच बरी होती तर. नाही. तसं नाही. व्हिएन्नातली सुईण शिकलेली होती आणि ती मुडदे फाडत नव्हती, एवढाच तिचा फायदा. आपल्याकडे नाळ विळ्यानं कापली जाई, नाहीतर खापरानं, वर राख. त्यातून धनुर्वात. बाळाचा धनुर्वात बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत उठतो, पुष्कळदा आठवड्याच्या आसपास. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते, म्हणून घर जागं ठेवायचं, ही आपली रीत. आमचा एक तर्क आहे, तर्क म्हणूनच घ्या: पिढ्यान्‌पिढ्या घरांनी कुठला आठवडा धोक्याचा ते ओळखलं होतं. दिवस बरोबर हेरला, कारण मात्र देवीवर टाकलं. या देशातून माता-बालकांचा धनुर्वात हटल्याचं प्रमाणपत्र मिळालं ते २०१५ साली. लस आणि स्वच्छ पातं, दोन्हीमुळं.

सुईण कोण असे हेही बोललं पाहिजे. बाळंतपण विटाळाचं, म्हणून ते काम पुष्कळदा मातंग समाजातल्या बाईकडे. सोयर फिटली की ज्या घरात तिनं मूल हाती घेतलं त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर ती. १८८५ साली लेडी डफरिनच्या नावाचा निधी निघाला, स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावी म्हणून. काम मोठं होतं. पण त्या काळच्या लिखाणात सारा दोष दाईच्या अडाणीपणावर यायचा. जिला शिकू दिलं नाही तिलाच अडाणी म्हणायचं, हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही.

कोल्हापुरात आनंदीबाईंची जागा पुढं तशीच राहिली नाही. रखमाबाई केळवकर संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाचं काम बघत. त्यांची मुलगी कृष्णाबाई शाहू महाराजांच्या मदतीनं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकली आणि याच दवाखान्यात डॉक्टर म्हणून आली. पुढं महाराजांनीच तिला आणखी शिकायला परदेशी पाठवलं. आनंदीबाईंवर कादंबरी, सिनेमा, नाटक. कृष्णाबाईंचं नाव मात्र गावातल्याच अनेकांना सांगावं लागतं. ज्या बाईनं वॉर्डात प्रत्यक्ष उभं राहून बाळंतपणं केली, ती गोष्टीत बसत नाही.

आता मोजण्याकडे येऊ, कारण सगळं घोडं तिथंच अडतं. आमच्या आजीची अकरा बाळंतपणं झाली. कुणी विचारलं तर ती म्हणायची, मला सहा पोरं. उरलेल्या पाचांचा आकडा आम्हाला फार उशिरा, आत्याकडून कळला. नाव ठेवायच्या आधीच गेलेलं मूल घराच्या हिशेबात धरत नसत. घरातच धरत नव्हते तर सरकारी वहीत कुठून येणार?

हा हिशेब महाराष्ट्रात नीट मांडला गेला तो गडचिरोलीत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथं ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता आणि बहुतेकींना पूर्वी कुणी तपासलेलंच नव्हतं. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. मग नवजात बाळं. एका वर्षात ३९ गावांतली ७६३ बाळं जन्मापासून अठ्ठावीस दिवस पाहिली गेली. अर्ध्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती. मिळाले ते शंभरात तिघांनाही नाही.

पुढचं पाऊल आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाईला त्यांनी आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचे, ऊब राखायची, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं. दाई तिच्या सोबतीला. इंजेक्शन खेड्यातली बाई देणार म्हटल्यावर शहाणी माणसं दचकली असणार, आम्हीही दचकलो असतो. तुलनेसाठी ४७ गावं होती. ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू आधी ६२ होते, तिसऱ्या वर्षी २५ झाले. तुलनेच्या गावांत ते साठाच्या आसपासच राहिले. हा निबंध १९९९ चा. ज्या ‘लॅन्सेट’मध्ये मोठमोठ्या इस्पितळांचे प्रयोग येतात, तिथं गडचिरोलीतल्या झोपडीतली खाट आली.

हेम्पेलला हे उदाहरण मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं आम्हाला नेहमी वाटतं. दोन गट, तुलना, कसोटी, सगळं तेच. फरक एवढाच, की इथं सुईण आणि गावची बाई तुलनेच्या रकान्यात नव्हत्या, त्या प्रयोग करणाऱ्यांत होत्या.

या सगळ्याचा शेवट गोड झाला असं समजू नका. २०१८-२० च्या पाहणीत महाराष्ट्रात लाखामागे ३३ माता दगावत होत्या, देशात ९७. आकडा खाली आला, बाळंतपणं दवाखान्यात आली. पण दवाखान्यात नेलं म्हणजे बाळंतिणीशी माणसासारखं बोललं जातं असं नाही. आमच्या घरातल्याच एका लेकीला कळा चालू असताना एका दवाखान्यात जे ऐकावं लागलं, ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं नर्सिंगमधून खास प्रशिक्षित प्रसूतिसेविका तयार करायची मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे सुईण पुन्हा येते आहे, पदवी घेऊन. तिला किती अधिकार मिळतात हे बघायचं. डॉक्टरांच्या पाठीमागं ट्रे धरून उभं राहायचं असेल तर पुन्हा तोच रकाना.

गडचिरोलीचा प्रयोग २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेला गेला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईनं सहा वेळा जायचं असतं: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. कल्याणचं ते बाळ दहाव्या दिवशी गेलं. सातव्या दिवशी कुणी दार वाजवलं असतं, दुपटं सोडून श्वास मोजले असते, तर निदान काय होतंय ते चौदा वर्षांच्या आईला कळलं असतं.

इथं थांबतो. काहींनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत, त्या घेऊ.