टीआर-808

टीआर-808 : जपानच्या रोलंड कंपनीने 1980 मध्ये बाजारात आणलेले ड्रम मशीन. पूर्ण नाव टीआर-808 रिदम कंपोझर. वादकांच्या बोलण्यात नुसते ‘एट-ओ-एट’. 1983 पर्यंत सुमारे 12,000 यंत्रे तयार झाली आणि उत्पादन थांबले. बाजारात त्याला फारसे यश आले नाही, तरी ऐंशीच्या दशकातील कितीतरी गाजलेल्या नृत्यगीतांचा आणि पॉप गाण्यांचा ठेका याच यंत्राने धरला. खऱ्या ड्रमची हुबेहूब नक्कल त्याला साधली नाही. त्यातून जो वेगळा आवाज जन्माला आला, तोच पुढे त्या काळाच्या संगीताची ओळख ठरला.

पार्श्वभूमी : रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी (1930–2017) मूळचे ओसाकाचे. घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करता करता ते विद्युत वाद्यांकडे वळले. 1960 मध्ये त्यांनी एस टोन आणि 1972 मध्ये रोलंड ही कंपनी स्थापन केली. त्या काळातील तालयंत्रे मुख्यतः घरगुती ऑर्गनच्या साथीसाठी असत. बटण दाबले की वॉल्ट्झ, रुंबा, बोसानोव्हा असे ठरावीक ठेके वाजत. ते बदलण्याची सोय क्वचितच असे. रोलंडच्या सीआर-78 (1978) मध्ये स्वतः रचलेले ठेके साठवता येऊ लागले. फिल कॉलिन्सच्या ‘इन द एअर टुनाइट’ (1981) या गाण्याच्या आरंभी ऐकू येते ते हेच यंत्र. 808 ने याच्या पुढचे पाऊल टाकले आणि संपूर्ण ठेका ठोक्याठोक्याने रचण्याची मुभा वापरणाऱ्याला दिली.

1980 मध्येच अमेरिकेत रॉजर लिन यांचे एलएम-1 हे ड्रम मशीन आले. त्यात खऱ्या ड्रमचे मुद्रित केलेले आवाज होते आणि किंमत 5,000 डॉलरच्या घरात होती. ह्यूमन लीगचे ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ (1981) आणि प्रिन्सचे ‘व्हेन डव्हज क्राय’ (1984) ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. 808 ची किंमत 1,195 डॉलर होती. वादकसंच न जमवता गाण्याचा कच्चा आराखडा मुद्रित करता यावा, असा त्याचा मुख्य उपयोग अपेक्षित होता. एलएम-1 च्या तुलनेत ते खेळण्यासारखे वाजते, अशी तक्रार सुरुवातीला झाली.

रचना : यंत्राच्या पुढच्या कडेला लाल, नारिंगी, पिवळी आणि पांढरी अशी चार-चारच्या गटांत एकूण सोळा बटणे आहेत. पाश्चात्त्य चार मात्रांच्या आवर्तनाचे हे सोळा भाग होत. म्हणजे एक बटण पाव मात्रेचे. तीनतालाच्या सोळा मात्रांशी त्यांची गल्लत करू नये. ठेका बसवताना गोल खटक्याने आधी एक वाद्य निवडायचे, उदाहरणार्थ बेस ड्रम, आणि त्याचा ठोका जिथे हवा ती बटणे दाबायची. पहिले, पाचवे, नववे आणि तेरावे बटण दाबले की प्रत्येक मात्रेवर एक ठोका असा डिस्कोचा मूळ ठेका तयार होतो. मग पाचव्या आणि तेराव्या घरात टाळी, मधल्या घरांत हाय-हॅट असे एकेक वाद्य भरत जायचे. आवर्तन फिरत असतानाच घरे भरता-रिकामी करता येतात. त्यामुळे ज्याने कधी ड्रमच्या काठ्या हातात धरल्या नाहीत, त्यालाही कानाच्या भरवशावर ठेका घडवता येतो.

ध्वनिनिर्मिती : 808 मधील प्रत्येक आवाज विद्युत मंडलातून त्या क्षणी तयार होतो, आधी मुद्रित केलेला एकही आवाज त्यात नाही. बेस ड्रमसाठी एका मंडलाला क्षणिक झटका दिला जातो आणि ते पन्नास हर्ट्झच्या आसपास कंप पावत हळूहळू शांत होते. हा कंप किती वेळ टिकावा हे ‘डिके’ या खुंटीवर ठरते. ती पूर्ण फिरवली की ठोक्याचा लांब, खर्जातला घुमार होतो आणि तो मोठ्या ध्वनिवर्धकावर छातीत जाणवतो. टाळीसाठी खरखराटासारखा आवाज गाळून तो लागोपाठ काही वेळा झटकन सोडला जातो. चार माणसांनी किंचित मागेपुढे टाळी दिल्याचा भास त्यातून होतो. झांज आणि हाय-हॅट सहा बेसूर स्वरांच्या मिश्रणातून बनतात. त्यांतल्याच दोन स्वरांतून, सुमारे 540 आणि 800 हर्ट्झच्या, या यंत्राचा सुप्रसिद्ध ‘काउबेल’ निघतो. प्रत्येक वाद्याला आवाजाची स्वतंत्र खुंटी आणि बाहेर पडण्याची स्वतंत्र वाट असल्याने ध्वनिमुद्रकाला एकेका ठोक्यावर वेगळे संस्कार करता येत.

गाजलेली गाणी : प्रत्यक्ष मंचावर 808 आणण्यात जपानचा यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा आघाडीवर होता, त्यांच्या ‘बीजीएम’ (1981) या अल्बममध्येही ते ऐकू येते. जगाचे लक्ष मात्र 1982 मध्ये वेधले गेले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील आफ्रिका बंबाटा यांनी निर्माता आर्थर बेकर यांच्यासह ‘प्लॅनेट रॉक’ केले. जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या संचाची सुरावट आणि ठेका त्यांनी 808 वर नव्याने उभा केला. हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांची गाठ या गाण्याने पक्की बांधली.

त्याच वर्षी मार्विन गे यांनी बेल्जियममध्ये ‘सेक्शुअल हीलिंग’ मुद्रित केले. तिथे 808 अगदी हलक्या हाताने वाजते. हे गाणे अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. यंत्राचा ठेका रुक्षच असतो, हा समज या एका गाण्याने खोटा पाडला. शॅननचे ‘लेट द म्युझिक प्ले’ आणि एसओएस बँडचे ‘जस्ट बी गुड टू मी’ (दोन्ही 1983) यांनी क्लबमधील नाच आणि रेडिओवरील पॉप यांतले अंतर कमी केले. फिल कॉलिन्सचे ‘वन मोअर नाइट’ आणि व्हिटनी ह्यूस्टनचे ‘आय वॉना डान्स विथ समबडी’ (1987) ही अमेरिकेत अग्रस्थानी पोचलेली गाणीही 808 च्या आधाराने उभी आहेत. डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स यांच्या सायबोट्रॉन या संचाने ‘क्लिअर’ (1983) मधून टेक्नोची पायवाट घातली. मायामीत बेस ड्रमचा लांब घुमार हाच गाण्याचा गाभा बनला, तर मँचेस्टरच्या एका संचाने ‘808 स्टेट’ असे नावच घेतले.

मुंबईतील प्रयोग : हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि कळफलक वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये मुंबईत ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम मुद्रित केला. भैरव, ललत, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग त्यांनी ज्युपिटर-8 सिंथेसायझर, टीबी-303 हे खर्जाचे यंत्र आणि 808 या रोलंडच्या तीन वाद्यांवर मांडले. 303 आणि 808 एका तारेने जोडून एका लयीत चालवता येत. त्यावर ते रागाचा विस्तार हाताने वाजवत. अल्बम फारसा खपला नाही. 2010 मध्ये तो नेदरलँड्समधून पुन्हा प्रकाशित झाल्यावर जाणकार चकित झाले, कारण शिकागोच्या फ्यूचर या संचाच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ (1987) मुळे ओळखल्या गेलेल्या ॲसिड हाउस शैलीचा बाज त्यात पाच वर्षे आधीच ऐकू येतो. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सहसा न झळकणाऱ्या वादकवर्गाची कल्पकता किती पुढची होती, याचा हा सणसणीत पुरावा आहे. सिंग यांचे 2015 मध्ये मुंबईत निधन झाले.

उत्पादनाचा शेवट : 808 च्या विशिष्ट आवाजासाठी काकेहाशी यांनी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते. अर्धवाहकांचे उत्पादन सुधारत गेले तसे हे सदोष भाग मिळेनासे झाले. 1983 मध्ये रोलंडने टीआर-909 आणले. त्यात झांजांचे मुद्रित आवाज आणि वाद्ये परस्परांना जोडणारी ‘मिडी’ ही नवी प्रणाली होती. 808 मध्ये ती नव्हती. जुनी 808 यंत्रे वापरलेल्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली. स्टुडिओ परवडत नसलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणांच्या हाती ती पडली, आणि हिप-हॉप, टेक्नो व हाउस यांची वाढ झाली ती बरीचशी यामुळे.

मूल्यमापन : काकेहाशी यांना मिडीच्या निर्मितीसाठी डेव्ह स्मिथ यांच्यासह 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले. कान्ये वेस्ट यांचा ‘808ज अँड हार्टब्रेक’ (2008) हा अल्बम या यंत्राच्या नावानेच आला, आणि रोलंडने 2014 व 2017 मध्ये 808 च्या नव्या आवृत्त्या काढल्या. ऐंशीच्या दशकातील हिट गाण्यांचे श्रेय गायकांना आणि निर्मात्यांना मिळाले, ते योग्यच होते. परंतु त्या गाण्यांवर पाय का थिरकले, याचे उत्तर शोधताना सोळा बटणांच्या या यंत्राला आणि ते स्वतःच्या कानाने वापरणाऱ्या हौशी हातांना पहिल्या ओळीत स्थान द्यावे लागते.