जुना कॉम्प्युटर, प्रिंटर आणि शिल्लक मालाची गोष्ट



दशलक्षण पर्व जवळ आलं, की पाठशाळेच्या प्रश्नपत्रिका आणि पूजेची पानं छापायची घाई होते. घरातला कॉम्प्युटर एका काळचा, प्रिंटर दुसऱ्या काळचा, आणि दोघांचं जमत नाही. "टाकून द्या, नवीन घ्या," हा सल्ला लगेच मिळतो. तो ऐकण्याआधी या जोडणीचा इतिहास बघू या.

१९७० साली अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्स कंपनीने मॉडेल १०१ हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणला. त्याच्या जोडणीला ३६ पिनांचा कनेक्टर होता. तो मुद्दाम घडवलेला नव्हता. वांग लॅबोरेटरीज या कंपनीकडे एका कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले कनेक्टर शिल्लक होते, तेच कामी आले. उरलेल्या मालातून निघालेली ही पद्धत पुढे जगभर पसरली!

तिचं काम साधं आहे. आठ तारांतून एक अक्षर एकदम जातं. एक तार प्रिंटरला "घे" म्हणते. दुसऱ्या तारेवरून प्रिंटर कळवतो, "थांबा, मी कामात आहे." १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला, तेव्हा कॉम्प्युटरच्या बाजूला २५ छिद्रांचं सॉकेट ठेवलं. म्हणून जुन्या केबलची दोन टोकं वेगवेगळी दिसतात. १९९६ मध्ये यूएसबी आली आणि हळूहळू ते रुंद सॉकेट नव्या कॉम्प्युटरवरून गेलं.

केबलचा प्रश्न सोपा आहे. जुन्या प्रिंटरला यूएसबीवर आणणारी केबल मिळते. जुनी रुंद केबल लावताना मात्र दोन्ही यंत्रं बंद ठेवावीत.

खरी अडचण भाषेची असते. एप्सनने आपल्या प्रिंटरसाठी ईएससी/पी ही भाषा केली, एचपीने पीसीएल. समवसरणात प्रत्येक जीवाला उपदेश आपापल्या भाषेत कळतो. इथे मात्र दुभाष्या बसवावा लागतो, त्याचंच नाव ड्रायव्हर. नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर विंडोज ९८ किंवा एक्सपीसाठी बहुधा निघतच नाही. प्रिंटरला पीसीएलसारखी प्रचलित भाषा येत असेल, तर जुन्या कॉम्प्युटरमधला त्याच भाषेचा ड्रायव्हर अनेकदा चालून जातो. काही स्वस्त प्रिंटरांना अशी भाषा येतच नाही, सगळी आखणी कॉम्प्युटरकडूनच लागते. त्यांच्या बाबतीत हा उपाय चालत नाही.

म्हणून दुकानात दोनच प्रश्न विचारा: सॉकेट कोणतं, आणि भाषा कोणती? दोन्ही उत्तरं जुळली, तर चालतं यंत्र भंगारात जाणार नाही आणि घरात आणखी एका वस्तूची भर पडणार नाही. अपरिग्रह अणुव्रत पाळायला ही जागाही पुरेशी आहे. आणि काहीच जुळलं नाही, तर नवीन घेताना मनाला टोचणी राहणार नाही.