जोसेफ एफ. स्मिथ यांचे हवाईतील धर्मप्रसारकार्य

जोसेफ फील्डिंग स्मिथ (१३ नोव्हेंबर, १८३८ – १९ नोव्हेंबर, १९१८) हे 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या मॉर्मन धर्मसंस्थेचे सहावे अध्यक्ष होते. त्यांच्या एका मुलाचे नावही जोसेफ फील्डिंग स्मिथ असून तोही पुढे या संस्थेचा अध्यक्ष झाला. त्यामुळे वडिलांचा उल्लेख सामान्यतः 'जोसेफ एफ. स्मिथ' असा केला जातो. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांची धर्मप्रसारक (मिशनरी) म्हणून हवाई बेटांवर नेमणूक झाली आणि सप्टेंबर १८५४ ते ऑक्टोबर १८५७ या काळात त्यांनी तेथे काम केले. आईवडिलांच्या मृत्यूनंतर दिशाहीन झालेल्या आपल्या आयुष्याला या वर्षांनी वळण दिले, असे ते उत्तरायुष्यात सांगत असत. त्या काळातील त्यांच्या दैनंदिन्या व पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील तरुण मॉर्मन मिशनऱ्याचे परदेशातील जीवन आणि त्याची श्रद्धा यांच्या अभ्यासासाठी हे उदाहरण महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

जोसेफ एफ. स्मिथ यांचा जन्म मिसूरी राज्यातील फार वेस्ट या गावी झाला. त्यांचे वडील हायरम स्मिथ हे मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचे थोरले बंधू होते. मुलाच्या जन्माच्या वेळी हायरम अटकेत होते. २७ जून, १८४४ रोजी इलिनॉय राज्यातील कार्थेज येथील तुरुंगावर सशस्त्र जमावाने हल्ला करून दोघा भावांची हत्या केली. त्या वेळी जोसेफ एफ. पाच वर्षांचे होते.

त्यांची आई मेरी फील्डिंग या मूळच्या इंग्लंडमधील असून कॅनडात स्थायिक झाल्यानंतर त्यांनी मॉर्मन धर्म स्वीकारला होता. मॉर्मन समाजाला नॉवू शहर सोडावे लागल्यानंतर त्या कुटुंबासह पश्चिमेकडे निघाल्या आणि १८४८ मध्ये सॉल्ट लेक खोऱ्यात पोहोचल्या. या प्रवासात नऊ वर्षांच्या जोसेफ यांनी बैलगाडी हाकली. २१ सप्टेंबर, १८५२ रोजी मेरी यांचे निधन झाले आणि तेराव्या वर्षी जोसेफ व त्यांची धाकटी बहीण मार्था अ‍ॅन पोरके झाले.

यानंतरच्या दीड वर्षात जोसेफ यांचा स्वभाव अधिकच तापट बनला. शाळेत शिक्षक मार्था अ‍ॅनला चाबकाची शिक्षा करू लागले असता जोसेफ यांनी मध्ये पडून शिक्षकांशी झटापट केली आणि त्यांची शाळा सुटली. एप्रिल १८५४ मध्ये चर्चच्या परिषदेत मिशनरी म्हणून जाहीर झालेल्या नावांत त्यांचे नाव होते. त्या काळी अशा नेमणुका सहसा प्रौढ व विवाहित पुरुषांच्या होत असत. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाची निवड अपवादात्मक होती.

हवाईतील मॉर्मन मोहीम

हवाई त्या वेळी 'सँडविच बेटे' या नावाने ओळखली जात होती व तेथे स्वतंत्र राजेशाही होती. अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी १८२० पासून तेथे कार्यरत होते. त्यांनी हवाईयन भाषेसाठी रोमन लिपी रूढ केली होती आणि १८३९ मध्ये बायबलचा अनुवादही पूर्ण केला होता. त्यामुळे मॉर्मन मिशनरी आले तेव्हा बेटांवर साक्षरता आणि ख्रिस्ती धर्माचा परिचय हे दोन्ही होते.

पहिले दहा मॉर्मन मिशनरी डिसेंबर १८५० मध्ये होनोलुलूला पोहोचले. गोऱ्या रहिवाशांकडून प्रतिसाद न मिळाल्याने त्यांपैकी काही जण लवकरच परतले. जॉर्ज क्यू. कॅनन यांनी मात्र स्थानिक लोकांत राहून त्यांची भाषा शिकण्याचा मार्ग निवडला. माउई बेटावरील न्यायाधीश जोनाथन नापेला यांच्या साहाय्याने त्यांनी 'बुक ऑफ मॉर्मन' या धर्मग्रंथाचा हवाईयन अनुवाद केला. तो १८५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे छापला गेला.

याच सुमारास मॉर्मन मिशनरी भारतातही आले होते. स्कॉटिश मिशनरी ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत पोहोचले व त्यांनी पुण्यातही काम केले. भारतात मिळालेले अनुयायी मुख्यतः युरोपीय होते आणि काही वर्षांतच हे काम थांबले. हवाईत मात्र अनुयायी प्रामुख्याने मूळ रहिवासी होते. स्मिथ यांना ज्या समाजात राहायचे होते तो समाज हाच होता.

प्रवास

स्मिथ मे १८५४ मध्ये इतर मिशनऱ्यांसमवेत सॉल्ट लेक सिटीहून निघाले. मिशनऱ्यांना वेतन मिळत नसे व प्रवासखर्चही स्वतःच उभा करावा लागे. त्यासाठी स्मिथ यांनी कॅलिफोर्नियात छपराच्या लाकडी फळ्या तयार करण्याच्या कारखान्यात मजुरी केली. सप्टेंबरमध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने निघाले आणि २७ सप्टेंबर, १८५४ रोजी होनोलुलूला उतरले. सोळावा वाढदिवस येण्यास तेव्हा दीड महिना होता.

आजारपण आणि भाषा

स्मिथ यांची पहिली नेमणूक माउई बेटावरील कुला या डोंगराळ भागात झाली. तेथे पोहोचल्यानंतर त्यांना तीव्र ताप आला व ते दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहिले. महुही नावाच्या हवाईयन स्त्रीने या काळात मुलाप्रमाणे त्यांची शुश्रूषा केली. स्मिथ तिला आयुष्यभर आपली हवाईयन आई मानत.

आजाराच्या काळातही ते सतत हवाईयन भाषा ऐकत होते. बेटांवर उतरल्यापासून सुमारे शंभर दिवसांत आपण या भाषेत बोलू व उपदेश करू लागलो, असे त्यांनी सांगितले आहे. याचे श्रेय ते ईश्वरी देणगीला देत. स्थानिक घरातील सततचा सहवास आणि कोवळे वय या गोष्टींचाही त्यात वाटा असावा. हवाईयन लोक त्यांना 'इओसेपा' म्हणत. जोसेफ या नावाचे हे हवाईयन रूप आहे.

दैनंदिन जीवन

भाषा अवगत झाल्यावर माउईवरील शाखांची देखरेख त्यांच्याकडे आली. पुढे त्यांनी हवाई बेटावरील हिलो व कोहाला या भागांत आणि १८५७ मध्ये मोलोकाई बेटावर काम केले. गावोगावी पायी फिरणे, सभा घेणे, बाप्तिस्मा देणे, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणे आणि अनुयायांमधील भांडणे मिटवणे असे या कामाचे स्वरूप होते. अनेकदा त्यांच्यासोबत हवाईयन धर्मसेवक असत.

मिशनऱ्यांचे अन्न व निवारा पूर्णपणे स्थानिक अनुयायांवर अवलंबून असे. अळूच्या जातीतील तारो कंद शिजवून व कुटून केलेला 'पोई' हा त्यांचा मुख्य आहार होता. यजमान स्वतःच गरीब असल्यामुळे काही दिवस अर्धपोटी काढावे लागत. पिसवांचा उपद्रव, पावसाळी वाटा आणि फाटलेले कपडे यांचे उल्लेख त्यांच्या दैनंदिनीत वारंवार येतात.

लानाई बेटावर मिशनऱ्यांचे सामान ठेवलेल्या घराला आग लागून स्मिथ यांची पेटी जळाली. तीत त्यांचे कपडे, पुस्तके आणि सुरुवातीच्या दैनंदिन्या नष्ट झाल्या. त्यानंतर काही काळ दोन मिशनऱ्यांमध्ये एकच पोशाख उरला होता आणि एक जण सभेला जाई तेव्हा दुसरा घरी थांबे, अशी आठवण मॉर्मन साहित्यात सांगितली जाते.

श्रद्धेची जडणघडण

स्मिथ यांच्या श्रद्धेला कौटुंबिक इतिहासाची पार्श्वभूमी होती. ज्या पंथासाठी वडिलांचा जीव गेला, त्याच्या सत्यतेविषयी त्यांच्या बोलण्यात शंका दिसत नाही. आपण या वारशाला पात्र आहोत का, हा प्रश्न मात्र त्यांना सतावत असे. मार्था अ‍ॅनला लिहिलेल्या पत्रांत ते तिला सदाचरणाचा उपदेश करतात, तसेच स्वतःच्या उणिवाही मान्य करतात. या भावंडांचा पत्रव्यवहार पुढे आयुष्यभर चालू राहिला.

या काळात पडलेल्या एका स्वप्नाची हकिकत त्यांनी १९१८ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी सांगितली. दारिद्र्य आणि एकटेपणा यांनी आपण खचलो होतो, असे त्यांनी त्या वेळी नमूद केले. स्वप्नात ते घाईने प्रवास करत एका मोठ्या वास्तूपाशी येतात, स्नान करून स्वच्छ वस्त्रे घालतात आणि दार ठोठावतात. दार उघडणारे त्यांचे दिवंगत काका जोसेफ स्मिथ त्यांना उशिराबद्दल बोल लावतात, तेव्हा उशीर झाला तरी आपण निर्मळ आहोत, असे उत्तर ते देतात. आत त्यांना आईवडील भेटतात. या स्वप्नानंतर आपले भय नाहीसे झाले व आपण मुलाचे पुरुष झालो, असे ते सांगत.

१८८८ मधील एका पत्रात त्यांनी आईच्या मृत्यूनंतरच्या स्वतःची तुलना कक्षेत न राहिलेल्या धूमकेतूशी केली आणि हवाईतील वर्षांनी आपला तोल परत मिळवून दिला, असे लिहिले.

परतीचा प्रवास

१८५७ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य सरकारने यूटा प्रदेशाकडे सैन्य रवाना केले. या संघर्षामुळे चर्चचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांनी बाहेरच्या मिशनऱ्यांना परत बोलावले. स्मिथ ऑक्टोबर १८५७ मध्ये होनोलुलूहून निघाले आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये सॉल्ट लेक सिटीला पोहोचले. वाटेत दक्षिण कॅलिफोर्नियात बंदूकधारी टोळक्याने मॉर्मन आहेस का, असे विचारले असता त्यांनी ठामपणे होकार दिला, ही गोष्ट मॉर्मन समाजात विशेष प्रसिद्ध आहे.

हवाईशी पुढील संबंध

१८६४ मध्ये स्मिथ चर्चच्या वरिष्ठ नेत्यांसमवेत पुन्हा हवाईला गेले. वॉल्टर मरे गिब्सन यांनी तेथील चर्चची मालमत्ता स्वतःच्या नावावर केल्याच्या तक्रारीची ही चौकशी होती. तीत स्मिथ यांचे भाषाज्ञान उपयोगी पडले. पुढे बहुपत्नीत्वविरोधी कायद्याखालील अटक टाळण्यासाठी १८८५ ते १८८७ या काळात ते ओआहू बेटावरील लाइए येथे राहिले. यूटामध्ये स्थलांतरित झालेल्या हवाईयन मॉर्मनांनी १८८९ मध्ये वसवलेल्या गावाला 'इओसेपा' हे नाव देण्यात आले.

१९०१ मध्ये स्मिथ चर्चचे अध्यक्ष झाले. १ जून, १९१५ रोजी त्यांनी लाइए येथे मंदिरासाठी जागा समर्पित केली. मंदिर पूर्ण होऊन त्याचे समर्पण नोव्हेंबर १९१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने झाले.

चर्चचे अधिकारी चार्ल्स डब्ल्यू. निब्ली यांनी होनोलुलूतील एक प्रसंग लिहून ठेवला आहे. स्मिथ यांच्या स्वागतासाठी जमलेल्या गर्दीत एक वृद्ध, अंध स्त्री केळी घेऊन आली आणि 'इओसेपा' अशी हाक मारू लागली. ती महुही होती. स्मिथ यांनी धावत जाऊन तिला मिठी मारली, असे निब्ली लिहितात.

साधने आणि मूल्यमापन

स्मिथ यांच्या १८५६–५७ मधील दैनंदिन्या नॅथॅनिएल आर. रिक्स यांनी संपादित करून २०११ मध्ये प्रकाशित केल्या. त्यांतून दिसणारा तरुण उत्तरायुष्यातील आठवणींतल्या चित्रापेक्षा वेगळा आहे. तो चिडतो, कंटाळतो, घराची आठवण काढतो आणि यजमानांच्या राहणीविषयी तुच्छतेचे उद्गारही काढतो. त्या काळच्या गोऱ्या अमेरिकनांमधील वांशिक पूर्वग्रह या नोंदींत स्पष्ट दिसतात. उत्तरायुष्यातील आठवणींत मात्र हवाईयन लोकांविषयी कृतज्ञता आणि ममत्व आढळते.

ही दोन्ही प्रकारची साधने एकत्र वाचणे आवश्यक ठरते. दैनंदिनीत त्या-त्या दिवसाची भूक व त्रागा आहे, तर आठवणींत साठ वर्षांच्या अनुभवातून लावलेला अर्थ आहे. सुरुवातीच्या दैनंदिन्या जळाल्यामुळे आजारपण व भाषाशिक्षण यांविषयीची माहिती मुख्यतः पत्रांवर आणि नंतरच्या कथनांवर अवलंबून आहे. मिशनरी हा देणारा आणि स्थानिक लोक घेणारे, ही रूढ कल्पना मात्र दोन्ही साधनांतून खोटी ठरते. अन्न, निवारा, शुश्रूषा आणि भाषा या सर्व गोष्टी स्मिथ यांना हवाईयन लोकांकडूनच मिळाल्या होत्या.

आधुनिक व्यवस्थेशी तुलना

आज मॉर्मन मिशनऱ्यांची सेवा ठरावीक मुदतीची असते: पुरुषांसाठी दोन वर्षे आणि स्त्रियांसाठी दीड वर्ष. २०१२ पासून पुरुषांना १८ व्या वर्षापासून सेवेत जाता येते; स्त्रियांसाठी २०१२ मध्ये १९ वर्षे ही किमान वयाची अट ठरली होती, ती २०२५ मध्ये १८ वर्षे करण्यात आली. निघण्यापूर्वी प्रशिक्षण व भाषेचे धडे दिले जातात आणि मिशनरी नेहमी जोडीने राहतात. २०१९ पासून त्यांना आठवड्यातून एकदा कुटुंबाशी दूरध्वनी किंवा व्हिडिओ कॉलवरून बोलण्याची मुभा आहे. स्मिथ यांना यांपैकी मुदत, प्रशिक्षण किंवा घराशी नियमित संपर्क यांची शाश्वती नव्हती. वेतन न घेता काम करणे, नव्या भाषेत स्वतःच्या श्रद्धेची मांडणी करणे आणि अनोळखी लोकांच्या आदरातिथ्यावर विसंबणे ही वैशिष्ट्ये मात्र आजही टिकून आहेत.