फोर्ट स्टिकीन : मुंबईच्या गोदीत फुटलेले जहाज आणि नागपूर

दुसऱ्या महायुद्धात समुद्रतळाशी गेलेल्या नौकांचे अवशेष शोधून त्यांवर माहितीपट तयार करण्याची परंपरा गेल्या चार दशकांत जगभर रुजली असून, रॉबर्ट बॅलार्ड यांनी ८ जून १९८९ रोजी अटलांटिक महासागरात सुमारे ४,८०० मीटर खोलीवर शोधलेली जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’ हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण होय. २७ मे १९४१ रोजी बुडालेली ही नौका ब्रिटिशांच्या पाणतीरांनी बुडवली की तिच्यावरील खलाशांनीच ती शत्रूच्या हाती लागू नये म्हणून बुडवली, हा वाद अनेक वर्षे चालू राहिला आणि जेम्स कॅमेरॉन यांच्या २००२ मधील माहितीपटाने कॅमेरा थेट तिच्या सांगाड्यापर्यंत नेऊन त्या वादात नव्या पुराव्यांची भर घातली. ‘बिस्मार्क’ने तीनच दिवस आधी बुडवलेल्या आणि अवघे तीन जण बचावलेल्या ब्रिटिशांच्या ‘हूड’ या नौकेचे अवशेषही २००१ मध्ये डेव्हिड मर्न्स यांच्या मोहिमेला सापडले. अशा शोधांना एक अट असते, ती म्हणजे नौकेचा सांगाडा कुठे ना कुठे शिल्लक असला पाहिजे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर युद्धकाळात नष्ट झालेल्या सर्वांत महत्त्वाच्या जहाजाच्या बाबतीत मात्र ही अटच पूर्ण होत नाही, कारण ते जहाज बुडण्यापूर्वीच फुटले, त्याचे तुकडे शहरभर विखुरले आणि जे उरले ते गाळाबरोबर उपसून काढले गेले. त्याचा इतिहास म्हणूनच पाण्याखाली न शोधता कागदपत्रांत, कायद्यांत आणि संस्थांत शोधावा लागतो, आणि हा शोध समुद्रापासून रेल्वेमार्गाने आठशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या नागपुरापर्यंत येऊन पोहोचतो.

‘फोर्ट स्टिकीन’ ही युद्धनौका नव्हती, तर युद्धसेवेत असलेले मालवाहू जहाज होते. जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांची उणीव भरून काढण्यासाठी कॅनडातील गोद्यांत एकाच आराखड्यावरून भराभर बांधलेल्या ‘फोर्ट’ मालिकेतील हे सुमारे ७,१४२ टनांचे जहाज १९४२ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्स रूपर्ट येथे तयार झाले. येथे टन हे जहाजाच्या वजनाचे नव्हे, तर त्याच्या आतील सामावणुकीचे माप आहे. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद व कराची या मार्गाने १२ एप्रिल रोजी मुंबईत दाखल झाले. त्याच्या पोटात जवळजवळ १,४०० टन स्फोटके व दारूगोळा, लढाऊ विमाने आणि ढासळत्या रुपयाला आधार देण्यासाठी पाठवलेल्या सोन्याच्या १२४ विटा होत्या, ज्यांची किंमत त्या वेळी सुमारे ८ लाख ९० हजार पौंड धरली गेली होती. कराचीत त्यात कापसाच्या हजारो गाठी, वंगणाच्या तेलाची पिंपे, इमारती लाकूड, गंधक, राळ, तांदूळ आणि मासळीचे खत यांची भर पडली. दारूगोळा आणि कापूस एकाच तळकोठारात, म्हणजे जहाजाच्या पोटातील माल साठवण्याच्या खोल कप्प्यात, एकमेकांच्या वर-खाली ठेवणे किती धोक्याचे आहे हे कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांना कळत होते. परंतु युद्धकाळात रिकाम्या जागेचा प्रत्येक घनफूट वापरण्याचा दंडक असल्याने त्यांच्या नाराजीला फारसे मोल उरले नव्हते.

कापूस का पेटतो, हे विदर्भातील वाचकाला वेगळे सांगावे लागू नये. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात दाबून बांधलेल्या रुईच्या गाठीत ठिणगी शिरली, तर ती बाहेर ज्वाळा न दाखवता आत तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस धुमसत राहते, वरून ओतलेले पाणी दाबलेल्या तंतूंमधून आतपर्यंत पोहोचत नाही आणि गाठ फोडून पसरल्याखेरीज आग विझल्याची खात्री देता येत नाही. नागपूर, वर्धा, यवतमाळ, अकोला या कापूसपट्ट्यातील व्यापाऱ्यांना आणि हमालांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले हे ज्ञान स्फोटाच्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कोणाच्याही उपयोगी पडले नाही.

१८८८ मध्ये खुली झालेली व्हिक्टोरिया गोदी ही बंद गोदी होती, म्हणजे भरती-ओहोटीचा परिणाम टाळण्यासाठी दरवाजे लावून आत पाण्याची पातळी कायम राखलेला तो बांधीव जलाशय होता, आणि त्याच्या धक्क्यांवरील गोदामांना लागून मांडवी-मशीद बंदरची दाट व्यापारी वस्ती सुरू होत असे. शांततेच्या काळात स्फोटके घेऊन आलेले जहाज अशा ठिकाणी न आणता बाहेर समुद्रात नांगरून त्यावरील माल छोट्या तराफ्यांनी उतरवला जाई. युद्धाच्या निकडीत ही काळजी सैल झाली आणि ‘फोर्ट स्टिकीन’ सरळ पहिल्या क्रमांकाच्या धक्क्याला लागले. धोकादायक माल असल्याची खूण असलेला लाल बावटाही त्यावर चढवलेला नव्हता. माल उतरवणारे गोदी कामगार त्या काळी कायम नोकरीत नसत. मुकादम रोजच्या गरजेप्रमाणे टोळ्या जमवत असे आणि दिवसाची मजुरी मिळाली की संबंध संपत असे. पहिले दोन दिवस स्फोटकांना हात न लागता इतर मालच उतरवला जात होता, ही गोष्ट पुढे चौकशीत कळीची ठरली.

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या तळकोठारात आग लागल्याचे उघडकीस आले. अग्निशमन दलाला वर्दी देण्यास विलंब झाला, आणि बंब आल्यानंतरही दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. नऊशे टनांहून अधिक पाणी कोठारात सोडण्यात आले, तरी आग कापसाच्या गाठींच्या आत असल्याने ती विझली नाही; उलट कोठारातील पाणीच उकळू लागले. जहाज तेथेच बुडवावे की बाहेर समुद्रात न्यावे, याबद्दल धक्क्यावर जमलेल्या नाविक, लष्करी आणि बंदर अधिकाऱ्यांमध्ये एकमत झाले नाही, आणि निर्णायक अधिकार नेमका कोणाचा हेही स्पष्ट नव्हते. दुपारी ३ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास जहाज सोडण्याचा हुकूम झाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट होऊन जहाज दुभंगले. सुमारे बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, शिमल्यातील भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला आणि शेजारी उभ्या असलेल्या ‘जलपद्म’ या सिंदिया कंपनीच्या जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन गोदामाच्या छपरावर जाऊन पडला. अर्ध्या तासाने दुसरा, अधिक भीषण स्फोट झाला. पेटता कापूस आणि तापलेले पोलाद वस्तीवर कोसळले, तेरा जहाजे नष्ट झाली, पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळाले आणि सुमारे ८० हजार लोक बेघर झाले.

मृतांचा निश्चित आकडा आजही एकमताने सांगता येत नाही. अधिकृत गणना ७४० च्या आसपास आहे, तर इतर अंदाज १,३०० पर्यंत जातात. बंदर व गोदीच्या विविध सेवांतील २३१ जण त्यात होते आणि आगीशी झुंजत धक्क्यावरच उभे असलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. ज्या बंदरात रोज नवी टोळी येई आणि ज्या वस्तीत गोदामाच्या माळ्यावर व पेढीच्या ओट्यावर माणसे राहत, तेथील मृतांची मोजदाद अचूक होणे कठीणच होते. आकड्यांतील ही तफावत केवळ नोंदींच्या चुकीतून आलेली नसून, हंगामी मजुराला त्या व्यवस्थेत जे स्थान होते त्याचा तो परिणाम आहे, असे म्हणण्यास आधार आहे.

या घटनेचे चित्रीकरण झाले होते, ही बाब फार थोड्यांना ठाऊक असते. छायालेखक सुधीश घटक यांनी स्फोट आणि त्यानंतरची दृश्ये टिपली. परंतु लष्करी अधिकाऱ्यांनी ती फिल्म जप्त केली आणि तिचे काही भाग पुढे वृत्तपटात दाखवले गेले. छापील बातम्यांवरही युद्धकालीन नियंत्रण होते. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, स्फोटाचे सविस्तर वृत्त प्रसारित केले, तर भारतीय व ब्रिटिश वृत्तपत्रांना ते छापण्याची मुभा मिळण्यास मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. ज्या शहरातील माणसांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्यांनाच त्याचा अधिकृत वृत्तान्त शत्रूच्या रेडिओनंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने वाचायला मिळाला. जॉन एनिस यांचे या स्फोटावरील इंग्रजी पुस्तक १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आग आटोक्यात आणण्यास तीन दिवस लागले आणि गोदी पुन्हा वापरात आणण्यासाठी सुमारे आठ हजार माणसांनी सात महिने खपून जवळजवळ पाच लाख टन राडारोडा उपसला. जहाजाचा सांगाडा या कामात संपला. सोन्याच्या विटा मात्र पुढील कित्येक वर्षे सापडत राहिल्या. एक वीट स्फोटाच्याच दिवशी दीड किलोमीटरवरच्या एका पारशी रहिवाशाच्या घरात येऊन पडली होती आणि त्याने ती सरकारजमा केली, तर काही विटा १९७० च्या दशकापर्यंत गाळ उपसताना मिळत होत्या. न फुटलेला एक तोफगोळा २०११ मध्येही बंदरात सापडला. सोन्याच्या या कथा लोकांना आवडतात आणि वारंवार सांगितल्या जातात. परंतु त्यांनी या घटनेचा अधिक महत्त्वाचा भाग झाकला आहे, आणि तो म्हणजे स्फोटानंतर नेमलेल्या चौकशी समितीने काढलेले निष्कर्ष.

समितीने कापसाच्या गाठी हे आगीचे संभाव्य उगमस्थान ठरवले. कापूस दारूगोळ्याच्या खाली भरणे, धोक्याचा बावटा न लावणे, स्फोटके उतरवण्यास विलंब करणे, आग कोंडण्यासाठी वाफेचा वापर न करणे आणि अग्निशमन दलाला उशिरा कळवणे, असे दोष तिने नोंदवले. यातील एकही दोष शत्रूच्या कृतीचा नाही. सगळे व्यवस्थेचे आहेत. नागपूरचा या इतिहासाशी असलेला संबंध येथून सुरू होतो, कारण या दोषांशी ज्यांचा विषय जुळतो अशा तीन राष्ट्रीय संस्था स्वातंत्र्योत्तर काळात या शहरात एकवटल्या. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ मध्ये नागपूरला आले आणि देशभरातील अग्निशमन अधिकारी तेथे घडू लागले. त्याच वर्षी केंद्रीय आपत्कालीन साहाय्य प्रशिक्षण संस्था स्थापन झाली, जी पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. १८८४ चा स्फोटक अधिनियम आणि १९३४ चा पेट्रोलियम अधिनियम यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालयही नागपुरातच आहे. या संस्था थेट मुंबईच्या स्फोटामुळे जन्माला आल्या, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण स्फोटक खाते १८९८ पासून अस्तित्वात होते आणि लष्करी साठ्यांना त्या कायद्यातून सूट होती. अचूक विधान असे करता येईल की, ‘फोर्ट स्टिकीन’वर ज्या ज्या ठिकाणी व्यवस्था कोलमडली, त्या त्या विषयाचे शिक्षण आणि नियमन आज या एका शहरातून होते.

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्यानंतरचा आठवडा आगीपासून बचावाच्या प्रचारासाठी राखलेला असतो. नागपुरात हा दिवस अर्थातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीचा असून, दीक्षाभूमीकडे लोटणाऱ्या जनसागरापुढे दुसऱ्या कोणत्याही स्मरणाचा आवाज कमी पडणे स्वाभाविक आहे. तरीही या दोन स्मरणांत एक खरा दुवा आहे. १९४४ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते, आणि गोदी कामगारांच्या अनिश्चित रोजगाराला शिस्त लावणारा गोदी कामगार (रोजगार नियमन) अधिनियम स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, संमत झाला. त्यामुळे गोदीतील मजुराचे नाव नोंदणीपटावर येण्याचा मार्ग खुला झाला.

नागपूरच्या दक्षिणेला उमरेड मार्गाच्या बाजूने वाढलेल्या आणि नरसाळ्यासह २०१३ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या हुडकेश्वरसारख्या वसाहतींना बंदराचा इतिहास परका वाटू शकतो. परंतु जुन्या गावठाणाभोवती घरे, दुकाने आणि गोदामे एकमेकांना खेटून उभी राहू लागली की, जळाऊ माल कुठे ठेवावा, बंबाला रस्ता किती रुंद लागतो आणि वर्दी किती लवकर द्यावी, हे मांडवीतले प्रश्न तेथेही तसेच लागू होतात. व्हिक्टोरिया आणि तिच्या शेजारची प्रिन्सेस या दोन्ही गोद्या भराव घालून बुजवल्या गेल्याने आता मूळ जागी कॅमेऱ्याला दाखवण्यासारखे थोडेच उरले आहे. या घटनेवर मराठीत एक गंभीर माहितीपट तयार व्हायला हवा, आणि तो करणाऱ्यांनी सोन्याच्या विटांच्या आधी चौकशी समितीचा अहवाल, सुधीश घटक यांच्या चित्रीकरणाचे उरलेले भाग, नागपूरच्या तिन्ही संस्थांतील अभ्यासक आणि गोदी कामगारांच्या वारसांकडील आठवणी यांच्याकडे वळावे. अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचे स्मरण दरवर्षी होते. त्यांच्या शेजारी काम करताना मेलेल्या मजुरांची नावे, जितकी मिळतील तितकी, त्या माहितीपटात यावीत.