फोटोडीएनए : तेच छायाचित्र पुन्हा ओळखण्याची विद्या

बालकांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रे एके काळी छापील रूपात, टपालाने किंवा हातोहात फिरत. १९९०च्या दशकात इंटरनेट घरोघरी पोहोचले आणि हा गुन्हा झपाट्याने पसरला. अमेरिकेत हरवलेल्या व शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या ‘एनसीएमईसी’ या राष्ट्रीय केंद्राने १९९८ मध्ये अशा गुन्ह्यांच्या सूचना घेणारी ‘सायबरटिपलाइन’ सुरू केली. तिथे येणाऱ्या छायाचित्रांपैकी कितीतरी पोलिसांना आधीपासून ठाऊक असत. मुलाची सुटका होऊनही त्याचे चित्र वर्षानुवर्षे फिरत राही. प्रत्येक नव्या प्रतीबरोबर त्याच्यावर पुन्हा अन्याय होई.

म्हणून ओळखीचे चित्र यंत्राने पुन्हा ओळखणे, हे पहिले काम ठरले. फाइल ओळखण्यासाठी तेव्हा एमडी५सारखे हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली खूण, वापरत. पण फोटोचा आकार जरा घटवला किंवा तो नव्याने सेव्ह केला, की हॅश पार बदले. माणसाच्या डोळ्याला फोटो तोच दिसे, यंत्राच्या लेखी तो निराळा असे.

डार्टमथ कॉलेजातील प्राध्यापक हनी फरीद आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांनी २००९ मध्ये यावर ‘फोटोडीएनए’ हा तोडगा काढला. यात फोटो आधी कृष्णधवल करून ठरावीक आकारात आणतात, त्याच्या चौकटी पाडतात आणि प्रत्येक चौकटीत उजेड-सावली कशी बदलते ते मोजतात. त्यातून आकड्यांची एक मालिका तयार होते. दोन मालिकांमधला फरक ठरलेल्या मर्यादेच्या आत असला, तर चित्र एकच. ही मर्यादा फार काटेकोर ठेवावी लागते, नाहीतर कोट्यवधी फोटोंच्या चाळणीत एखाद्या निरपराध कुटुंबाचा फोटो अडकायचा. जुळवणीला आकडे पुरतात. कंपन्यांना मूळ चित्र जवळ बाळगावे लागत नाही. ही या पद्धतीची फार मोलाची बाजू.

मायक्रोसॉफ्टने हे तंत्र एनसीएमईसीला मोफत दिले. २०११ मध्ये फेसबुकने ते स्वीकारले, आणि २०१९ मध्ये चित्रे जुळवणारे आपले ‘पीडीक्यू’ हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा एनसीएमईसीशी करार झाला. तेव्हापासून तिथल्या सूचना या विभागामार्फत महाराष्ट्रासह सर्व राज्यांच्या पोलिसांकडे येतात.

ओळखीच्या चित्रांच्या नोंदीत नसलेले नवे चित्र मात्र जुळवणीने सापडत नाही. त्यासाठी गुगलने २०१८ मध्ये मशीन लर्निंगवर आधारलेले साधन दिले. एन्क्रिप्शनचा पेच याहून अवघड : मजकूर दोन टोकांमध्ये कुलूपबंद असला, तर कंपनीला तो पाहताच येत नाही, मग जुळवणार कसा? तपासणी फोनवरच करणे हा एक मार्ग. आयक्लाउडवर जाणारे फोटो फोनमध्येच तपासण्याची योजना ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केली. उद्या हेच साधन सरकारे पाळतीसाठी वापरतील, असा आक्षेप सुरक्षातज्ज्ञांनी घेतला आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती योजना रद्द झाली.