हलत्या चित्रांचे एकाकी कारागीर

१९१२ सालीं मुंबईस दादर येथें एका कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला गेला आणि विलायतेहून नुकताच आणलेला कॅमेरा त्याच्यासमोर उभा राहिला. दिवसामागून दिवस गेले. कोंब वर आला, पानें फुटलीं, वेल वाढूं लागली. आणि धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके ठराविक अंतरानें तिचें एकेक चित्र घेत राहिले. महिन्याहून अधिक काळाची ती वाढ पडद्यावर पाहतां पाहतां उलगडली. 'अंकुराची वाढ' या नांवानें हा प्रयोग ओळखला जातो. त्यांत नट नव्हता, कथा नव्हती, देवदेवता नव्हत्या. तरीही एका कुटुंबाचें सर्वस्व त्या कुंडीवर पणाला लागलेलें होतें.

त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या फाळके यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आणि पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण घेतलें होतें. छायाचित्रण, ठसे तयार करणें, मुद्रण अशा अनेक कला त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. गिरगांवांतील चित्रपटगृहांत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिल्यानंतर मात्र त्यांना दुसरें कांहीं सुचेना. सतत चित्रपट पाहणें आणि त्यावरील मिळेल तें साहित्य वाचणें यांच्या ताणानें कांहीं काळ त्यांची दृष्टि गेली. उपचारांनीं ती परत आली. पुढें विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनीं पैसा उभा केला आणि १९१२ च्या फेब्रुवारींत लंडनचा रस्ता धरला. तेथें सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंतील काम डोळ्यांखालून घालून व यंत्रसामग्री खरेदी करून ते स्वदेशीं परतले.

परंतु यंत्र आलें म्हणून चित्रपट होत नाहीं. त्याला भांडवल लागतें, आणि भांडवल देणाऱ्याला आश्वासनापेक्षां डोळ्यांनीं दिसणारा पुरावा हवा असतो. वाटाण्याचें रोप हा तो पुरावा ठरला. चित्र पाहिल्यावर कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. सरस्वतीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले. इतकेंच नव्हे, तर फिल्मच्या कडांना भोकें पाडण्याचें नाजूक कामही त्या शिकल्या. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. कारागीर एकटा दिसला, तरी त्याच्या पाठीशीं बहुधा एखादें घर उभें असतें, तें असें.

या कामांतील चिकाटीची कल्पना थोड्या गणितानें येईल. मूकपटाच्या काळीं पडद्यावरून सेकंदास साधारण १६ चित्रें सरकत. त्या हिशेबानें एका मिनिटाच्या खेळास ९६० चित्रें लागतात. १९१५ च्या सुमारास फाळके यांनीं 'आगकाड्यांची मौज' या चित्रांत निर्जीव काड्यांना हालचाल दिली. काडी तसूभर सरकवावी, एक चित्र घ्यावें. पुन्हां काडी सरकवावी, पुन्हां चित्र घ्यावें, अशी ही रीत. डोळ्यांना काडी चालल्याचा भास होतो. प्रत्यक्षांत चाललेला असतो तो माणसाचा हात.

या वाटेवर फाळके यांच्याही आधीं पावलें पडलीं होतीं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं आपल्या जादूच्या कंदिलाचे खेळ लोकांसमोर आणले. मायावी शंबरासुराची आठवण करून देणारें 'शांबरिक खरोलिका' हें भारदस्त नांव त्यांना लाभलें. कांचेवर बारीक कुंचल्यानें रंगविलेलीं चित्रें कंदिलापुढून चपळाईनें सरकवून पडद्यावरील पात्रें हालतीं केलीं जात, आणि जोडीला निवेदन व संगीत असे. वडिलांच्या हातची ही कला मुलांनीं उचलली. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं २८ ऑक्टोबरला पॅरिसमध्यें एमिल रेनो हा गृहस्थ हातानें रंगविलेल्या लांब चित्रपट्ट्या आपल्या यंत्रांतून पडद्यावर दाखवूं लागला. समुद्रापलीकडचे हे दोन कारागीर एकाच काळीं एकाच ध्यासानें कामाला लागले होते.

त्यांच्या कृतींची पुढील गत मात्र अगदीं निराळी झाली. सिनेमा आला, रेनोचे खेळ मागें पडले, आणि वैतागाच्या भरांत त्यानें आपल्या बहुतेक पट्ट्या सीन नदींत फेंकून दिल्या. त्यांतून उरल्या त्या दोनच. पटवर्धनांच्या कांचा घरच्यांनीं जपल्या, म्हणून त्या आजही पाहावयास मिळतात. फाळके यांचें वाटाण्याचें रोप मात्र काळाच्या पोटांत गेलें. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन् पेट घेई आणि दमट हवेंत कुजे. 'राजा हरिश्चंद्र' चीं जीं रिळें उरलीं आहेत, तीं १९१३ सालचीं कीं पुढें १९१७ सालीं पुन्हां केलेल्या चित्रपटाचीं, यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच १९१७ सालीं फाळके यांनीं चित्रपट कसे तयार होतात हें दाखविणारें एक छोटेंसें चित्र काढलें. त्याचे अवशेष टिकले, आणि त्यामुळें तो कारागीर प्रत्यक्ष कामांत गढलेला आज आपल्याला दिसूं शकतो.

शंभर वर्षांनीं हेंच नाट्य दुसऱ्या रंगभूमीवर पुन्हां घडलें. १९९६ सालीं पुढें आलेल्या 'फ्लॅश' या साधनामुळें घरच्या संगणकापुढें बसलेला एकटा माणूस हलतीं चित्रें आणि लहानसहान खेळ रचून वेबवर मांडूं लागला. आतां प्रत्येक चित्र हातानें काढण्याचें कारण उरलें नाहीं. आगकाडी कोठून निघावी, कोठें पोंचावी आणि किती वेळांत, एवढें सांगितलें कीं मधलीं चित्रें यंत्रच गणितानें भरून काढतें. २००८ सालीं मोबाइलच्या ॲपचीं दुकानें उघडलीं आणि एका माणसानें लिहिलेलें ॲप देशोदेशींच्या खिशांत जाऊन बसलें. परंतु ॲपलच्या मोबाइलवर फ्लॅशला कधींच थारा मिळाला नव्हता. २०१७ सालीं त्याच मोबाइलच्या नव्या प्रणालीनें ३२ बिटांच्या जुन्या ॲपना दार बंद केलें. आणि ३१ डिसेंबर २०२० रोजीं अडोबी कंपनीनें फ्लॅशचा आधारच काढून घेतला. ना आग लागली, ना दमट हवा बाधली. तरीही असंख्य एकांड्या कारागिरांचीं चित्रें एकाएकीं निश्चल झालीं. त्यांतलीं कांहीं 'इंटरनेट अर्काइव्ह' सारख्या संस्थांनीं जुन्या साधनाची नक्कल करणारी आज्ञावली वापरून पुन्हां हालतीं केलीं आहेत.

बीड जिल्ह्यांत, केज तालुक्यांतील युसूफ वडगांवासारख्या गांवीं बसून आज कोणी असा प्रयोग करूं म्हणेल, तर त्याला लंडनचा प्रवास नको, विम्याची पॉलिसी गहाण टाकावयास नको आणि घरच्या माणसांना अंधारांत फिल्मला भोकें पाडीत बसावयास नको. त्याच्यापुढील धोका वेगळा आहे. ज्या साधनावर त्याची कृति उभी, तें साधन त्याच्या मालकीचें नाहीं. तें कोणत्या दिवशीं बंद पडेल, हें ठरविणें त्याच्या हातीं नाहीं. अशा वेळीं त्याच्या स्वाधीन दोनच गोष्टी राहतात. आपल्या आज्ञावलीची मूळ प्रत जपून ठेवणें, आणि ती कोणत्या साधनानें, कोणत्या सालीं, कशी रचली हें साध्या शब्दांत लिहून ठेवणें. पहिली गोष्ट कल्याणच्या घरानें केली. दुसरी फाळके यांनीं आपल्या परीनें चित्रांतून केली.

वाटाण्याची ती वेल पुन्हां कधीं दिसणार नाहीं. ज्यांनीं ती पाहिली, त्यांना ती क्षणांत वाढलेली दिसली. ज्यानें ती वाढविली, त्यानें तीसाठीं महिना घालविला. एकट्यानें केलेल्या प्रयोगाला जग बहुधा खेळ समजतें, आणि खेळ जपून ठेवावयाचा असतो हें पुष्कळदां तो हरवल्यावरच लोकांच्या ध्यानीं येतें.