नाव एक, प्रेमकथा अनेक

शहापूर-मुरबाडकडे लग्नसराईत हळदीच्या मांडवात एखादे गाणे लागले, की घरातली माणसे त्याची ओळख वेगवेगळी सांगतात. 'मन उधाण वाऱ्याचे' म्हटले की कुणाला केदार शिंदे यांचा २००४चा 'अगं बाई अरेच्चा!' आठवतो, तर कुणाला त्याच ओळीचे नाव घेऊन २००९ मध्ये सुरू झालेली 'स्टार प्रवाह'वरची मालिका. 'प्रेमाची गोष्ट' हा सतीश राजवाडे यांचा २०१३चा चित्रपट. २०२३ मध्ये त्याच नावाची मालिका आली. चित्रपट घटस्फोटाच्या उंबरठ्यावर भेटलेल्या दोघांचा, मालिका एका लहान मुलीच्या मायेतून जुळलेल्या संसाराची.

नवी नावे सुचत नाहीत म्हणून असे होते, असे कुणी म्हणेल. पण ही चाल जुनी आहे. रुक्मिणी आणि श्रीकृष्णाची प्रेमकथा घ्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस नरेंद्राने 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले. १५७१ मध्ये एकनाथांनी त्याच नावाचा ग्रंथ पूर्ण केला. लग्न जमावे म्हणून मुली तो आजही वाचतात. १९४६ मध्ये बाबूराव पेंटरांनी त्याच नावाचा चित्रपट केला. याच कथेवर महदंबेने रिद्धपूरला 'धवळे' गायिले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. ठाणे-रायगडकडच्या आगरी लग्नात धवलारीण गाते त्या गीतांनाही धवळेच म्हणतात.

एका नावाचे दोन ग्रंथ झाले, म्हणून कवींचे अडले नाही. एकनाथांच्या ओवीत 'एका जनार्दनी' ही मुद्रा असे. नाव सर्वांचे, मुद्रा ज्याची त्याची. कायदाही जवळपास तेच सांगतो. 'देसी बॉइज' या हिंदी चित्रपटाच्या वादात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नुसत्या शीर्षकावर लेखकाला कॉपीराइट मिळत नाही.

तेव्हा नाव पुन्हा वापरण्यात गैर काही नाही. खरे नुकसान मुद्रा पुसली जाते तेव्हा होते. आकाशवाणीवर गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक यांची नावे सांगण्याची रीत पडली. रेल्वे न पोचलेल्या मुरबाडच्या खेड्यांतही ती नावे त्यामुळे पोचली. मांडवातल्या ध्वनिवर्धकाला मात्र ती सवय नाही. 'मन उधाण वाऱ्याचे' गुरू ठाकूर यांनी लिहिले, अजय-अतुल यांनी स्वरबद्ध केले, शंकर महादेवन यांनी गायिले. एवढे सांगायला दहा सेकंदही लागत नाहीत.

धवळ्याचे तर त्याहून नाजूक आहे. त्याला ना शीर्षक, ना कवीचे नाव. तो जगतो धवलारणीच्या कंठात. ती थकली आणि मागे कुणी शिकले नाही, तर ते गाणे कुठल्या नावाने शोधणार? म्हणून यंदाच्या हळदीला धवला झाला, तर तो ध्वनिमुद्रित करून ठेवा. आणि सुरुवातीलाच त्या बाईंना आपले नाव आणि गाव सांगायला लावा. तीच त्या गाण्याची मुद्रा.